पाच ग्रॅमचा काटा: अपुऱ्या दिवसांच्या बाळासोबत घरी बारा आठवडे

आमच्या मुलीचा जन्म गरोदरपणाच्या ३० आठवडे ४ दिवसांना झाला. वजन १३१० ग्रॅम. अडतीस दिवस एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात काढून ती घरी आली तेव्हा १८९० ग्रॅमची होती, आणि त्याच संध्याकाळी घरात हा बाळाचा डिजिटल वजनकाटाही आला. त्याला आता बारा आठवडे झाले. आधी रोज, मग दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा असा तो वापरला. वापरताना चुका झाल्या, त्यातल्या एका चुकीपायी आमची अख्खी रात्र गेली. ज्यांचं बाळ अजून काचेच्या पेटीत आहे आणि घरी काटा घ्यावा की नाही हे ज्यांचं ठरत नाहीये, त्यांच्यासाठी हे लिहितोय. कंपनीचं नाव देत नाही. हे काटे एकमेकांसारखेच असतात आणि मी जे सांगणार आहे ते बहुतेक सगळ्यांना लागू पडतं.

आधी काटा घ्यावासा का वाटला ते सांगतो. एनआयसीयूत रोज सकाळी वजन व्हायचं आणि सिस्टर तो आकडा फाइलमध्ये लिहायच्या. पहिल्या आठवड्यात वजन ११९० पर्यंत उतरलं. हे होतंच, अंगातलं जास्तीचं पाणी निघून जातं, असं आम्हाला समजावून सांगितलं होतं. तरी ते चार आकडे वाचून माझे पाय गळाले. तेराव्या दिवशी ती पुन्हा जन्माच्या वजनाला आली. तिथून पुढे रोज किलोमागे १५ ते २० ग्रॅम वाढायला हवं, हे गणित मला तोंडपाठ झालं. आमचा दिवस त्या आकड्यावर उगवायचा. वाढला की घरी फोन, नाही वाढला की दोघंही गप्प.

मग एक दिवस नळीशिवाय सगळं दूध तोंडाने जाऊ लागलं, उघड्या पाळण्यात अंगाचं तापमान टिकू लागलं, श्वास थांबण्याचे प्रकार बंद होऊन बरेच दिवस झाले, आणि घरी जा म्हणाले. घरी मॉनिटरचा आवाज नाही, पडद्यावरची हिरवी रेघ नाही, फाइल नाही. पहिल्या रात्री ती शांतता मला सहन झाली नाही. बाळ श्वास घेतंय ना, हे बघायला मी किती वेळा उठलो त्याचा हिशेब नाही. काटा मी आधीच मागवला होता तो याच भीतीपोटी, हे आज मला स्वच्छ दिसतं.

आता वस्तूविषयी. पांढऱ्या प्लास्टिकचं, दोन्ही बाजूंनी वर वळलेलं ताट, खाली चार रबरी पाय, पुढे छोटा पडदा. वीस किलोपर्यंत वजन घेतो आणि पहिल्या दहा किलोंपर्यंत पाच-पाच ग्रॅमच्या टप्प्याने दाखवतो. घेताना काही बघायचं असेल तर हा टप्पा बघा, बाकी सगळं दुय्यम. आमच्या बाळाची अपेक्षित वाढ दिवसाला २० ते ३० ग्रॅम होती. मोठ्यांच्या काट्यावर बाळाला घेऊन उभं राहायचं आणि मग आपलं वजन वजा करायचं, ही युक्ती बरेच जण सांगतात. तो काटा शंभर ग्रॅमच्या टप्प्याने चालतो. म्हणजे बाळाची चार दिवसांची वाढ त्याच्या एका टप्प्यात गडप होते. धडधाकट, चार महिन्यांच्या बाळाला ते चालेल. दोन किलोच्या आतल्या बाळाला अजिबात नाही.

दुसरी गरजेची गोष्ट म्हणजे आकडा धरून ठेवणारं बटण. बाळ हातपाय हलवतं तसा आकडा नाचतो. हे बटण दाबलं की काटा काही सेकंद बघत राहतो, सरासरी काढतो आणि एक आकडा पकडून ठेवतो. आमच्या काट्यात हे फार चांगलं चालतं. ती रडत असतानाही लागोपाठ तीन वेळा वजन करून बघितलं: २१०५, २१०५, २११०. आतली रचना साधी असते. ताटाखाली धातूची पट्टी असते, वजनाने ती किंचित वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या अगदी बारीक तारेचा विद्युतरोध त्याबरोबर बदलतो, आणि त्यावरून आकडा निघतो. हे कळल्यावर माझ्या लक्षात आलं की पट्टीला मोकळेपणी वाकता आलं नाही तर काटा खोटं बोलणार. ते कळायला मात्र ती रात्र जावी लागली.

घरी येऊन चौथा दिवस. आदल्या दिवशीचं वजन १९५०. त्या दिवशी खोलीतलं सामान थोडं हलवलं होतं आणि काटा टेबलावर भिंतीच्या कडेला सरकवला होता. रात्री दहाच्या दुधाआधी वजन केलं तर १८९५. पुन्हा केलं, १८९५. कपडे काढून, नवं डायपर घालून केलं, १८९०. म्हणजे एका दिवसात ५५ ते ६० ग्रॅम कमी. ती जेवढ्याने घरी आली तिथेच परत. मी बायकोला उठवलं. दोन तासांपूर्वीच दूध काढून ती जेमतेम आडवी झाली होती. तिने तो आकडा बघितला आणि काही न बोलता दूध गरम करायला ठेवलं. आम्ही त्या रात्री दर दोन तासांनी बाळाला उठवलं, तळपायाला गुदगुल्या केल्या, कपाळावर ओलं बोट फिरवलं, जास्तीचं दूध चमच्याने घातलं. पहाटे चारला तिने ते सगळं ओकून टाकलं. नाकातूनही आलं. त्यानंतर आमच्यापैकी कोणी झोपलं नाही.

सकाळी डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीसाठी जायचंच होतं. तिथे सिस्टरांनी वजन केलं: १९८०. मी त्यांना परत करायला लावलं. १९८०.

घरी येऊन काटा बघितला तेव्हा कळलं. ताटाची मागची कड भिंतीला टेकलेली होती. बाळाच्या वजनातला थोडा भार भिंत घेत होती, आणि काटा उरलेलं दाखवत होता. भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून वजन केलं तर १९८५. यंत्र ठीक होतं. सोबतच्या माहितीपत्रकात ‘सपाट आणि टणक जागेवर ठेवा’ एवढंच आहे, कडेला काही टेकू देऊ नका हे कुठेही नाही. अशा काट्यावर ते ठळक अक्षरांत छापायला हवं. इतक्या लहान जिवाच्या आईबापांना पन्नास ग्रॅमचा फरक काय करून ठेवतो, याचा विचार बनवणाऱ्यांनी करायला हवा होता.

तेव्हापासूनची आमची पद्धत ठरली आणि ती शेवटपर्यंत टिकली. टेबलावर पायांच्या जागी खडूने चार खुणा केल्या, काटा कायम तिथेच. गादी, सोफा, गालिचा यांवर कधी नाही. पंखा बंद, वाऱ्यानेही शेवटचा आकडा हलतो. वेळ एकच, सकाळच्या दुधाआधी. आणि सीलबंद पाण्याची एक लिटरची बाटली काट्याची परीक्षा घ्यायला राखून ठेवली. दर रविवारी आधी बाटलीचं वजन, मग बाळाचं. बाटली बारा आठवडे १०३० ते १०३५ मध्येच राहिली. फक्त एकदा १०१० आली, तेव्हा बॅटऱ्या बदलल्या आणि ती पुन्हा जागेवर आली. बॅटरी संपत आल्याची खूण पडद्यावर आकडा घसरण्याआधी दिसायला हवी होती, एवढं नक्की.

उणिवा सांगून टाकतो. आकडा पकडला की काटा ‘टीं’ असा मोठा आवाज करतो आणि तो बंद करायची सोय नाही. आमची मुलगी प्रत्येक वेळी दोन्ही हात फाकवून दचकायची. मी आवाजाच्या भोकांवर चिकटपट्टीचे दोन थर लावले, मग जरा सुसह्य झालं. दुसरं, मिनिटभर काही झालं नाही की काटा आपोआप बंद पडतो. दुपटं घालून शून्य करायचं, मग बाळाचे कपडे काढायचे, तोवर हा झोपलेला. आणि घाईत बाळ ठेवून बटण दाबलं तर बाळासकट शून्य धरतो. तिसरं, ताट थंड आणि टणक आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या अंगावर चरबी नसते, उघडं ठेवलं की ते बघता बघता गार पडतं. त्यामुळे ताटावर आधी कोमट केलेलं दुपटं, त्यावर शून्य, मग बाळ, आणि आकडा आला की लगेच तिला माझ्या शर्टच्या आत, छातीला छाती लावून.

हा शेवटचा भाग मात्र मला वजनापेक्षा प्यारा झाला. युनिटच्या दारावर कांगारू पद्धतीचा एक तक्ता होता. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली पेट्या आणि माणसं दोन्ही अपुरी पडत होती, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी लहान बाळं आईच्या छातीशी बांधायला सुरुवात केली, असं त्यावर लिहिलं होतं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा बाळांसाठी दिवसाचे ८ ते २४ तास हेच सांगितलं आहे. युनिटमध्ये बहुतेक वेळ बायकोच घ्यायची. घरी सकाळचं वजन झाल्यावरचा तास माझा झाला. ती थंड नाक माझ्या गळ्याखाली खुपसायची आणि दहा मिनिटांत तिच्या पाठीवरचा माझा हात गरम लागायचा.

काट्याचा ज्या कामासाठी सगळ्यात जास्त उपयोग होईल असं मला वाटलं होतं, तिथेच त्याने सगळ्यात जास्त त्रास दिला. अंगावर पाजताना बाळ किती प्यायलं हे दिसत नाही. पाजण्याआधी वजन, पाजल्यावर त्याच कपड्यांत, तेच डायपर न बदलता पुन्हा वजन, आणि जेवढे ग्रॅम वाढले साधारण तेवढे मिलिलीटर दूध पोटात गेलं. युनिटमध्ये सिस्टर हे करायच्या. घरी मी ते दर वेळी करू लागलो. पहिल्यांदा १०, मग ५, मग २५, मग पुन्हा १०. पाच ग्रॅमच्या काट्यावर पाच ग्रॅमचा फरक मोजणं म्हणजे अंदाजच, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. मी तो आकडा मोठ्याने वाचायचो. एका दुपारी बायको म्हणाली, “अरे, ती पिते तेव्हा मी तिच्याकडे बघत नाहीये. पुढचा आकडा काय येईल याचाच विचार करतेय. पान्हा कसा फुटेल?” तिच्या मांडीवर बाळ होतं आणि तिचे खांदे कानापर्यंत चढलेले होते. मी काटा उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवला.

दूध पाजण्याबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ताईंनी नंतर आम्हाला बाळाकडे बघायला शिकवलं. दोन-तीन वेळा चोखलं की गिळण्याचा आवाज ऐकायचा. प्यायल्यावर मूठ सैल पडते का बघायचं. दिवसाला सहा तरी ओली डायपरं हवीत. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमाराला बसू लागतो, पण तो पक्का व्हायला आणखी वेळ लागतो, त्यामुळे मधे मधे थांबून दम घेणं हा आळस नसतो. पाजण्याआधी आणि नंतर वजन करायचं तर आठवड्यातून एका दिवशी, दिवसभराच्या सगळ्या पाजण्यांची बेरीज करायची, एकेका पाजण्याचा आकडा बघायचा नाही. आम्ही तसं केलं. एका दिवसाची बेरीज खरोखर काहीतरी सांगते. पाच ग्रॅमची चूक आठ वेळांत इकडेतिकडे वाटली जाते.

डॉक्टर बाईंनी रोजचं वजनही थांबवायला सांगितलं. वजन दिवसादिवसाला वर-खाली होणारच, शी झालीय की नाही, दूध पिऊन किती वेळ झाला, यावर चाळीस-पन्नास ग्रॅम सहज हलतात. आठवड्याची वाढ बघा, म्हणाल्या. त्यांनी फेंटनचा तक्ता दिला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठीचा हा तक्ता गर्भाच्या आठवड्यांनी मोजतो आणि पन्नासाव्या आठवड्यापर्यंत चालतो. वजनाबरोबर डोक्याचा घेर आणि लांबीही त्यावर मांडायची असते. आपली मुलगी किती महिन्यांची, या प्रश्नाला दोन उत्तरं असतात हे मला तिथे पक्कं कळलं. वाढ आणि हालचाली बघताना जेवढे आठवडे लवकर आली तेवढे वजा करायचे, लसी मात्र जन्मतारखेपासून मोजून. भेटायला येणारा प्रत्येक जण “चार महिन्यांची झाली तरी एवढीशीच?” विचारतो. त्यांना मी आता शांतपणे सांगतो की ती यायची होती त्या तारखेला अजून दोनच महिने झालेत.

आणि या आठवड्याच्या वजनानेच काट्याने आपलं मोल दाखवलं. ३७ आठवड्यांना २०३५. ३८ आठवड्यांना २१०५. सात दिवसांत फक्त ७० ग्रॅम, म्हणजे दिवसाला दहा. बाटली तपासली, १०३५. काटा भिंतीपासून लांब. या वेळी आकडा खरा होता. बघायला गेलं तर मुलगी छान दिसत होती, रडत नव्हती, उलट फार झोपत होती, आणि आई म्हणत होती की किती गुणी बाळ आहे. पुढची भेट आठ दिवसांनी होती, आम्ही थांबलो नाही. डॉक्टर बाईंनी पाजायला किती वेळ लागतो विचारलं. पन्नास मिनिटं, कधी तासभर. त्या म्हणाल्या, ती पिण्यातच दमतेय, जेवढं मिळवते तेवढं चोखण्यात खर्च करतेय. अर्ध्या तासाच्या वर पाजायचं नाही, उरलेलं काढलेलं दूध चमच्याने द्यायचं, आणि दिवसातून दोनदा त्या दुधात त्यांनी लिहून दिलेली फोर्टिफायरची, म्हणजे दुधाचं पोषण वाढवणारी पावडर. पुढच्या रविवारी २३२०. त्यापुढच्या रविवारी, म्हणजे जी तिच्या जन्माची तारीख ठरली होती त्या आठवड्यात, २५४५. बायकोने तो आकडा वहीत स्वतः लिहिला.

काटा नसता तर हे आठ दिवस उशिरा कळलं असतं. आठ दिवस फार नव्हेत असं कोणी म्हणेल. दोन किलोच्या बाळाला ते खूप असतात.

तेव्हा माझं मत असं. तुमचं बाळ दोन किलोच्या आसपास घरी येत असेल, दवाखाना लांब असेल किंवा भेटींमध्ये जास्त अंतर असेल, तर काटा घ्या. पाच ग्रॅमचा टप्पा आणि आकडा धरायचं बटण, या दोन गोष्टी असल्या की पुरे. फोनला जोडला जाणारा, स्वतः आलेख काढणारा काटा मला नको वाटतो, कारण तो रोज बोलावतो. वही बरी, ती बंद राहते. बाळ पाजताना काटा त्या खोलीत ठेवू नका. पहिल्याच भेटीत दवाखान्यात वजन झालं की त्याच दिवशी घरी करून बघा आणि फरक लिहून ठेवा. आणि बाळ सुस्त पडलं, पीत नसलं, अंग गार किंवा तापलेलं लागलं, श्वास घेताना छाती आत ओढली जात असली, तर वजन करत बसू नका, तसंच उचला आणि निघा. यातलं काहीही काट्यावर दिसत नाही. बाळ दवाखान्याजवळ असेल आणि दर आठवड्याला तिथे वजन होत असेल, तर घरी काट्याची गरज नाही, तो तास छातीवर घालवा.

पाचपैकी चार गुण. एक गुण त्या आवाजासाठी आणि माहितीपत्रकातल्या न छापलेल्या ओळीसाठी कापला.

गेल्या रविवारी ती ४३०५ भरली. ताटाच्या दोन्ही कडांना आता तिचे हात पोचतात आणि ‘टीं’ वाजलं की ती दचकत नाही, आवाज कुठून आला ते शोधायला मान वळवते. डॉक्टर बाई म्हणाल्या, पुढचं वजन आता लसीच्या वेळी इथेच करू. काटा मी साबणाच्या पाण्याने पुसून, बॅटऱ्या काढून खोक्यात भरलाय. युनिटमधल्या सिस्टरांना सांगून ठेवलंय की घरी निघालेल्या कुठल्या बाळाला हवा असेल तर कळवा. खोक्यात पाण्याची बाटलीही ठेवली आहे, आणि ताटाच्या मागच्या कडेवर चिकटपट्टी लावून पेनाने लिहिलंय: भिंतीपासून चार बोटं लांब.